अठरा किलोंचा कोबी कोणाच्या ताटात?

शाळेत स्पर्धा जाहीर झाली की घरोघरी धावपळ सुरू होते. विज्ञान प्रदर्शनातला पवनचक्कीचा नमुना घ्या. बक्षिसावर नाव मुलाचे असते, पण रात्री दोन वाजेपर्यंत पुठ्ठे कापून बोटांना डिंक लागलेला असतो तो वडिलांच्या! शिक्षकांना हे कळते, पालकांना कळते आणि सर्वांत आधी मुलाला कळते. आपल्या हातून काही होत नाही, हेच ते पोर त्या बक्षिसातून शिकते.

म्हणून ज्या स्पर्धेत आई-बाबांना रात्रीत उरकून टाकता येत नाही, अशा एका स्पर्धेची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. ही स्पर्धा कोबी वाढवण्याची आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात बॉनी प्लांट्स नावाची रोपे विकणारी कंपनी आहे. तिने १९९६ साली आपल्या भागातील तिसरीच्या मुलांना कोबीची रोपे फुकट वाटण्यास सुरुवात केली. २००२ पासून हा उपक्रम देशभर पसरला. रोप नेहमीच्या कोबीचे नसते, ‘ओ. एस. क्रॉस’ या प्रचंड वाढणाऱ्या जातीचे असते. मुलाने ते घरी न्यायचे, चहूबाजूंनी तीन-तीन फूट जागा सोडून लावायचे, दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल असे पाहायचे आणि दहा-बारा आठवडे सांभाळायचे. वर्गातला उत्तम कोबी शिक्षक निवडतात. मग राज्याच्या कृषी खात्यामार्फत सर्व वर्गविजेत्यांतून चिठ्ठी टाकून एक नाव काढतात. त्या मुलाला पुढील शिक्षणासाठी १००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळते.

म्हणजे वर्गापर्यंत मेहनत आणि पुढे नशीब! आम्हास हे प्रथम खटकले. पण मग वाटले, कोबीच्या आकारात तरी मेहनतीचा वाटा किती असतो? अमेरिकेच्याच अलास्का राज्यात उन्हाळ्यात दिवसाचे एकोणीस-वीस तास उजेड असतो. तिथल्या पामर गावच्या जत्रेत २०१२ साली ६२.७१ किलोचा कोबी तोलला गेला, तो जागतिक विक्रम ठरला. एका पूर्ण वाढलेल्या माणसाएवढे वजन! पिकवणारा कसलेला होता यात शंका नाही. पण बियाणे आणि सूर्य यांनीही आपले काम केले होते. ज्याच्या अंगणात दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली पडते, त्या मुलाने कितीही पाणी घातले तरी त्याचा कोबी लहानच राहणार. नुसत्या वजनावर मुलांचे मोल ठरवू लागलो, तर आपण सावलीला दोष देण्याऐवजी मुलाला दोष देऊ.

या स्पर्धेच्या रोपातूनच एक गोष्ट घडली, ती मात्र वजनाच्या पलीकडची आहे. साल २००८. साउथ कॅरोलिना राज्यातील समरव्हिल गावची केटी स्टाग्लियानो ही नऊ वर्षांची मुलगी शाळेतून असेच एक रोप घेऊन घरी आली. तिने ते लावले, पाणी घातले, तण काढले. हरणे खाऊन टाकतील म्हणून रोपाभोवती पिंजरा करावा लागला. कोबी वाढत वाढत ४० पौंडांचा झाला. आपल्या मापात सुमारे १८ किलो.

आता या कोबीचे करायचे काय? घरात चार माणसे किती दिवस कोबी खाणार? पोरीने ठरवले की ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना हा द्यायचा. गरजूंना मोफत जेवण देणाऱ्या एका स्वयंपाकघरात तो नेला. तिथे तो शिजला आणि २७५ माणसांच्या पानात वाढला गेला. ते पाहून केटीने पुढे आणखी भाज्या लावल्या. दान देण्यासाठी भाजी पिकवणाऱ्या इतर मुलांना मदत करणारी ‘केटीज क्रॉप्स’ ही संस्थाही तिच्याच नावाने उभी राहिली.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यात कारकुनी पेशा. आकडा दिसला की भागाकार केल्यावाचून आम्हास चैन पडत नाही. १८ किलो भागिले २७५. माणशी साधारण ६५ ग्रॅम. बाहेरची जाड पाने आणि आतला दांडा वजा करा, त्याहूनही कमी. म्हणजे एका कोबीने २७५ माणसांचे पोट भरले, असे म्हणणे हिशेबाला धरून नाही. त्याबरोबर भात होता, मांस होते, शिजवणारे हात होते. केटीचा कोबी हा त्या जेवणातला एक वाटा होता. पण तो वाटा तिचा स्वतःचा होता, विकत आणलेला नव्हता. यामुळे तिचे मोठेपण कमी होत नाही. उलट ते आपल्या आवाक्यात येते.

आवाक्यात कसे, ते पाहा. आपल्याकडे शाळेत दुपारचे जेवण मिळते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. केटीचा १८ किलोंचा कोबी ५० ग्रॅमच्या हिशेबाने ३६० मुलांची एका दिवसाची भाजी झाला. आता आपल्या बाजारातला साधा गड्डा घ्या, दीड किलोचा. असे बारा गड्डे म्हणजे तेच १८ किलो! जे एका मुलीने अचाट जातीच्या रोपातून केले, ते आपल्या वर्गातली बारा मुले साध्या रोपांतून करू शकतात. आमच्या मते बारा मुलांचे बारा गड्डे हे एका मोठ्या गड्ड्यापेक्षा सरस. कारण त्यात बारा जणांचे हात मातीत गेलेले असतात.

यासाठी नवी योजना मागण्याचीही गरज नाही. शाळांतून पोषण बागा कराव्यात म्हणून केंद्र सरकारने २०१९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या राज्यात तिला शालेय परसबाग म्हणतात आणि तिच्या स्पर्धाही झाल्या आहेत. तेव्हा आपल्या मुलांच्या शाळेत परसबाग आहे का, असल्यास तिला पाणी कोण घालते, हे पालकसभेत विचारावे. नसल्यास चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांची भेट घ्यावी. हात हलवत जाऊ नये, कुदळ घेऊन जावे.

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आपल्याकडे कोबी हे थंडीचे पीक. रोपवाटिकेतून चार-पाच आठवड्यांची रोपे आणून दिवाळीची सुटी संपल्यावर लावावीत. सुटीआधी लावली तर पाणी घालायला कोणी नसते आणि शाळा उघडते तेव्हा वाळलेल्या काड्या दिसतात. सुटीनंतर लावलेला कोबी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत निघतो, तेव्हा शाळा भरलेली असते. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. शाळेला मैदान नसेल तर रंगाच्या रिकाम्या मोठ्या बादल्या स्वच्छ धुऊन, तळाला भोके पाडून, माती आणि कुजलेले शेणखत भरावे. एका बादलीत एकच रोप. पाणी नियमित हवे. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी भरमसाट घातले तर भरलेला गड्डा तडकतो. पानांना भोके दिसली की पान उलटून अळ्या हाताने वेचाव्यात आणि निंबोळी अर्क फवारावा. मुलांच्या हाती विषारी औषध देऊ नये.

स्पर्धा अवश्य ठेवावी, पण नुसता तराजू पुढे करू नये. प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. पाणी कधी घातले, पाने किती आली, अळी कधी दिसली, काय उपाय केला, हे त्याने स्वतःच्या हाताने लिहावे. गुण त्या वहीलाही असावेत. ज्या मुलीचे रोप अळीने खाल्ले, तिचा तराजूवर शून्य होतो. पण अळी कोणत्या दिवशी आली हे तिने लिहून ठेवले असेल, तर शेजारच्या अकरा जणांची रोपे तिच्यामुळे वाचतात. हा शून्य नव्हे. आमच्या लेखी हीच खरी जमा.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर एक रकाना अवश्य आखावा : ‘हा कोबी किती जणांच्या ताटात गेला?’ तो भरताना मुलांनी बारा गड्ड्यांची बेरीज एकत्र करावी. तिथे कोणाचा मोठा, कोणाचा लहान हा प्रश्न उरत नाही.

येत्या दिवाळीनंतर एखाद्या शाळेत अशा बारा बादल्या मांडल्या गेल्या, तर आमचा हा हिशेब जुळला असे आम्ही समजू. पालकांना एकच विनंती. रोप आणून द्या, माती भरायला हात लावा, पण पाणी मात्र मुलालाच घालू द्या.