जुन्या फोनातील दफ्तर

दूरध्वनीचा क्रमांक हा कंपनीने दिलेला असला तरी तो ग्राहकाच्या ओळखीचा भाग होऊन बसतो, आणि म्हणून कंपनी बदलली तरी तो त्याच्याकडेच राहिला पाहिजे, हे तत्त्व आपल्या देशात अमलात यायला पुष्कळ काळ लागला. अनेकदा मुदती ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. अखेर 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 रोजी देशभर ही मुभा ग्राहकाला मिळाली, आणि 3 जुलै 2015 पासून मुंबईचा क्रमांक घेऊन नागपूरला किंवा कोलकात्याला कायमचे राहावयास गेलेल्या माणसालाही तो सोडून देण्याचे कारण उरले नाही. ज्या क्रमांकाविषयी शासनाने, उशिरा का होईना, एवढी दृढता दाखविली, त्याच क्रमांकाभोवती माणसाने वर्षानुवर्षे जमविलेले संदेश, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, नावे आणि हिशेबाच्या नोंदी यांच्या बाबतीत मात्र तो आजही सर्वस्वी परावलंबी आहे. फोन बदलताना हे सारे संचित अखंड आणि वाचनीय स्वरूपात बरोबर नेता येणे हा नागरिकाचा कायदेशीर हक्क असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची स्थिती पाहावी. अँड्रॉइड फोनवरील संभाषणांचा बॅकअप गूगल ड्राइव्हमध्ये जमा होतो आणि आयफोनवरील आयक्लाउडमध्ये. सेवा एक, ग्राहक एक, क्रमांकही तोच, तरी एका कोठारातील प्रत दुसऱ्या प्रकारच्या फोनात उघडत नाही. आयफोनवरून काही सॅमसंग फोनांवर संभाषणे नेण्याची अधिकृत सोय 2021 मध्ये झाली, अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची 2022 मध्ये, आणि तीही अशा अटीवर की नवा आयफोन अजून वापरात आलेला नसावा. ज्याने तो आधी सुरू केला आणि जुनी संभाषणे नंतर आठवली, त्याने नवा फोन पुन्हा पुसून कोरा करावा. संभाषण ‘एक्सपोर्ट’ केले तर जी फाइल हाती येते ती वाचता येते, पण अ‍ॅपमध्ये परत घालता येत नाही.

कंपन्या याचे कारण सुरक्षितता असे सांगतात, आणि त्यात तथ्यांश आहे. यूपीआय किंवा बँकेचे अ‍ॅप नव्या फोनात घेताना त्याच सिमकार्डावरून एसएमएस पाठवून नव्याने नोंदणी करावी लागते. हा त्रास न्याय्य आहे, कारण तेथे अडथळा हेच संरक्षण आहे. परंतु मृत वडिलांनी पाठविलेला आवाजी संदेश मुलीला नव्या फोनात ऐकता न येण्याने कोणाचे रक्षण होते, याचे उत्तर मला कोठेही मिळालेले नाही. अडचण केवळ तांत्रिक असती तर ती सर्व दिशांना सारखीच जाणवली असती. ॲपलने 2015 मध्ये ‘मूव्ह टू आयओएस’ काढले ते अँड्रॉइडचा ग्राहक आपल्याकडे यावा म्हणून. गूगलने 2022 मध्ये ‘स्विच टू अँड्रॉइड’ काढले ते आयफोनचा ग्राहक आपल्याकडे यावा म्हणून. सॅमसंगचे ‘स्मार्ट स्विच’ही त्याच हेतूचे. आत येणाऱ्याची व्यवस्था प्रत्येकाने केली. बाहेर जाणाऱ्याचे दफ्तर बांधून देण्याचे उत्तरदायित्व आपल्या देशातील कायद्याने कोणावरच ठेवलेले नाही. सरकारी कचेरीत बदली झालेला कारकून चार्ज देताना यादीबरहुकूम एकेक कागद मोजून देतो आणि घेणारा सही करून घेतो. फोनच्या या हस्तांतरात अशी यादी मिळत नाही, त्यामुळे काय आले नाही ते माणसाला कित्येक महिन्यांनी, गरज पडेल तेव्हा कळते.

मराठी माणसाला यात आणखी एक नुकसान सोसावे लागते, आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. फोनमधील नावांची यादी बाहेर काढली की व्हीसीएफ नावाची फाइल तयार होते, आणि तिच्या जुन्या प्रकारात देवनागरी नावे सांकेतिक रूपात लिहिली जातात. तो संकेत न जाणणाऱ्या अ‍ॅपमध्ये ती उघडली तर ‘सांगलीची मावशी’ आणि ‘पाटील खतवाले’ यांच्या जागी रोमन अक्षरे, आकडे आणि बरोबरची चिन्हे यांच्या लांबच लांब ओळी दिसतात. सिमकार्डावर नावे साठवावीत तर तेथे जागाच तोकडी, आणि देवनागरी नाव बरेचदा मध्येच तुटते. आपल्या लिपीत नावे लिहिणाऱ्याला ही शिक्षा मिळत असेल तर तो पुढच्या वेळी रोमनमध्ये लिहू लागतो, आणि मराठीच्या ऱ्हासाविषयी सभांतून हळहळणाऱ्यांनी या लहानशा कारणाकडेही लक्ष द्यावे.

ज्यांना हे व्यवहार स्वतः करता येत नाहीत, त्यांचे काय होते हे तालुक्याच्या बाजारपेठेतील कोणत्याही मोबाइलच्या दुकानात उभे राहिले तर दिसते. वृद्ध शेतकरी, अंगणवाडी सेविका, नुकतीच विधवा झालेली बाई जुना आणि नवा असे दोन्ही फोन काउंटरवर ठेवतात, पॅटर्न सांगतात, पासवर्ड माहीत असेल तर तोही सांगतात, आणि तासाभराने परत येतात. त्या तासात त्यांची छायाचित्रे, कुटुंबातील खाजगी बोलणी, आधारकार्डाची आणि सातबाऱ्याची प्रत, बँकेचे संदेश हे सारे अनोळखी माणसाच्या कबजात असते. दुकानातील मुलाला मी दोष देत नाही. बहुतेक मुले प्रामाणिक असतात, आणि म्हाताऱ्या माणसाशी जितक्या सबुरीने ती बोलतात तितकी सबुरी पुष्कळदा घरातही आढळत नाही. परंतु संपूर्ण समाजाची गुप्तता परक्याच्या सचोटीवर सोपविलेली असणे ही व्यवस्था नव्हे. ऑनलाइन खरेदीतील एक्स्चेंजची रीत तर याहून कठीण आहे: नवा फोन घेऊन येणारा माणूस त्याच वेळी दारातच जुना फोन, तोही पुसून कोरा केलेला, मागून घेतो, आणि त्यामुळे दोन फोन शेजारी ठेवून सामग्री सरळ हलविण्याची संधीच मिळत नाही. मग उरते कंपनीचे कोठार. गूगलची मोफत जागा 15 जीबी. 2024 पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही याच जागेत मोजला जाऊ लागला. जागा भरली की भाडे सुरू. अशा वेळी शक्य असेल त्याने एक्स्चेंजचा मोह टाळून जुना फोन महिनाभर तरी घरात ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता कायद्याकडे वळू. युरोपीय संघाच्या, 25 मे 2018 पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमावलीच्या विसाव्या कलमाने आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूढ स्वरूपात मिळविण्याचा आणि ती दुसऱ्याकडे नेण्याचा हक्क नागरिकाला दिला. आपल्याकडेही न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये सादर केलेल्या माहिती संरक्षण विधेयकाच्या मसुद्यात असा हक्क होता, आणि 2019 मध्ये संसदेपुढे आलेल्या विधेयकातही तो टिकला होता. ते विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेण्यात आले, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो हक्क नाही. त्या कायद्याचे अकरावे कलम आपल्याविषयीच्या माहितीचा सारांश मागण्याची मुभा देते. बारावे ती दुरुस्त करून घेण्याची व पुसून टाकण्याची. चौदावे आपल्या मृत्यूनंतर हे हक्क बजावण्यासाठी दुसरी व्यक्ती नेमण्याची. ही कलमे एकत्र वाचली म्हणजे त्या विधवेची स्थिती स्पष्ट होते. पतीने रीतसर तिचे नाव नोंदविले असले तरी कंपनीकडील त्याच्या माहितीचा सारांश तिला मागता येईल, ती कायमची नष्ट करण्यास फर्मावता येईल, परंतु ती माहिती जशीच्या तशी आपल्या हाती द्या, असे म्हणण्यास या कायद्यात तिला आधार मिळणार नाही.

गाळलेले कलम परत घालण्यासाठी नवी समिती नेमण्याचे प्रयोजन नाही. शब्दयोजना 2018 पासून तयार आहे. तिच्यात एवढीच भर घालावी की सामग्री सोपविण्याचे दायित्व ग्राहकाने सोडलेल्या कंपनीवर राहील, सोपविताना काय दिले आणि काय देता आले नाही याची यादी ग्राहकाला त्याच्या भाषेत मिळेल, आणि देवनागरीसह भारतीय लिप्यांतील मजकूर अक्षरही न बदलता पोहोचेल. महाराष्ट्राच्या खासदारांनी दुरुस्ती विधेयक मांडून याची सुरुवात करावी.