गाडी घेताना आधी जिवाचा हिशेब

सोयाबीनचे पैसे हाती आले, की लोणार तालुक्यातल्या बीबीसारख्या गावात गाडीची चर्चा रंगते. दहा-बारा लाखांत दोन पर्याय दिसतात. एक, काही वर्षे वापरलेली क्रेटा किंवा सेल्टोस. दुसरा, पंच ईव्हीसारखी नवी, छोटी विजेवरची गाडी. तुलना होते ती सनरूफ, मायलेज आणि रुबाबाची. आत बसणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न क्वचितच निघतो.

खरे तर तो इथे पहिला निघायला हवा. १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा मृत्यू झाला. याच महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. वेग दुप्पट झाला, की धडकेची ऊर्जा चौपट होते. ती गाडीच्या सांगाड्याने शोषली नाही, तर छाती, मान आणि मेंदूला सोसावी लागते.

ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत सेल्टोसला २०२० मध्ये आणि क्रेटाला २०२२ मध्ये प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी ५ पैकी ३ तारे मिळाले होते. पंच ईव्हीला भारत एनकॅपने २०२४ मध्ये ५ तारे दिले. चाचण्या वेगळ्या असल्याने ताऱ्यांची थेट वजाबाकी करता येत नाही; समोरासमोरच्या धडकेत जड गाडीला फायदाही मिळतो. पण ‘महाग म्हणजे सुरक्षित’ हा समज मात्र टिकत नाही.

दुसरा मुद्दा धुराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. विजेच्या गाडीतून धूर निघत नाही. टायर आणि ब्रेकची धूळ उरतेच, तरी अंगणात आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांसाठी हा फरक मोठा आहे.

विजेच्या गाडीची उणी बाजूही आहे. वेग वाढला, की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि कागदावरचा पल्ला महामार्गावर बराच घटतो. रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले आणि बॅटरी रिकामी असली, तर गाडी दारात असून उपयोग नाही. अशा वेळी १०८ ला फोन करणेच योग्य. तरीही रोज रात्री चार्जिंगची सवय हवीच.

वारंवार लांबचा प्रवास असणाऱ्या घराने जुनी गाडी जरूर घ्यावी. पण टायरवरचे चार आकडे वाचून. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, हेही पाहावे. विम्याच्या दाव्यांवरून जुना अपघात कळतो.

बाकी बहुतेक घरांचे रोजचे जाणे-येणे लोणार-मेहकरपुरते असते. त्यांच्यासाठी चांगले तारे मिळालेली साधी विजेची गाडी आरोग्याच्या दृष्टीने उजवी.

मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते महागड्या मर्सिडीजमध्ये मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसलेल्या आजीचा आणि नातवंडांचा पट्टा लागल्याशिवाय कोणतीच गाडी सुरक्षित नाही. त्या सवयीला पैसेही लागत नाहीत.