वहीचा पहारा

साप्ताहिक स्तंभ : पारावर

गेल्या रविवारी आमच्या गावात सप्ताहाची बैठक झाली. शेगावपासून फार लांब नसलेलं हे गाव. मारुतीचं देऊळ, पुढं टिनाचा मंडप, मंडपात सतरंजी. तीस-पस्तीस जण जमले होते. पंगतीला वाढायला कोण कोण, असं विचारलं तेव्हा पंधरा-सोळा हात वर झाले. कीर्तनकार महाराजांना आणायला गाडी हवी होती, दोघांनी दिली. विण्याच्या पहाऱ्याची यादी फिरली, तीही भरली. रात्री दोन ते तीन आणि तीन ते चार हे सगळ्यात जड पहारे, पण त्यांच्यापुढंसुद्धा नावं पडली. मग अध्यक्षांनी लाल फडक्यात बांधलेली जमाखर्चाची वही मांडीवरून उचलली आणि सतरंजीच्या मधोमध ठेवली.

"आता हे कोनी तरी घ्या बापा. मले दिसत नाही आता."

बावीस वर्षं ती वही त्यांच्याकडं आहे. कोणी बोलेना. ज्यांनी आत्ताच रात्री तीनचा पहारा घेतला होता ते खाली पाहू लागले. शेवटी मागून एक आवाज आला, "तुमीच पाहा ना भाऊ, चांगलं चालू आहे. आमाले कायले गुतवता?" चहा आला, बैठक उठली. वही तिथंच सतरंजीवर राहिली आणि शेवटी अध्यक्षांनीच ती परत उचलून घरी नेली.

श्रद्धा आटली म्हणून असं होतं, असं मला मुळीच वाटत नाही. शेगावच्या आसपास राहणारा माणूस तसं म्हणूच शकत नाही. गजानन महाराजांच्या मंदिरात कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी जा. जोडे घेणारा हात सेवेकऱ्याचा, रांगेत "माउली, पुढं चला" म्हणणारा आवाज सेवेकऱ्याचा, महाप्रसादात वाढणारा सेवेकरी, फरशी पुसणारा सेवेकरी. पैसे न घेता राबणारी ही हजारो माणसं आहेत. कोणी शेतकरी, कोणी मास्तर, कोणी निवृत्त कारकून. पाळी लागली की घरचं काम बाजूला ठेवून येतात, पाळी संपली की गावी परततात. एकदा मी जोड्यांच्या खिडकीशी उभा राहून पाहत होतो. साठीच्या पुढचा एक सेवेकरी चिखलानं भरलेला लहान मुलाचा बूट हातात घेऊन, तो आधी फडक्यानं पुसून मग खणात ठेवत होता. पुसायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या भागातली माणसं असं काम मनापासून करतात, त्याच भागात देवळाची वही घ्यायला माणूस मिळत नाही. हे कोडं मला कित्येक वर्षं सुटत नव्हतं.

झाडूचं काम मन हलकं करतं, हे खरं आहे. फरशी पुसली की ती स्वच्छ दिसते, काम झालेलं डोळ्यांना कळतं, आणि झाडणाऱ्यावर सहसा कोणी संशय घेत नाही. वहीचं तसं नाही. वर्गणी मागायला दारोदार जावं लागतं, दुकानदाराची पावती जपून ठेवावी लागते, आणि कीर्तनाच्या बिदागीवरून गावातलाच कोणी पारावर बसून चार शब्द बोलतो ते ऐकून घ्यावे लागतात.

आणि हे आजचं नाही. दासगणूंनी १९३९ साली लिहिलेली एकवीस अध्यायांची गजानन विजय पोथी आपल्याकडं घरोघरी वाचली जाते. चमत्कारांच्या कथा सगळ्यांच्या तोंडी असतात. पण त्याच पोथीत समाधीच्या जागेची हकीकत आहे, ती मला फार जवळची वाटते. जागेसाठी हरी पाटलांनी सरकारकडं अर्ज केला, एक एकर जागा मंजूर झाली, मग बांधकामासाठी वर्गणी सुरू झाली. वर्गणी मागणाऱ्यांना गावातल्या लोकांनी टोमणे मारले, तेही पोथीत आलं आहे. पुढं बांधकामात अकरा गुंठे जागा जास्त घेतली गेली, त्यावरून दंडाचं प्रकरण उभं राहिलं आणि हरी पाटील हवालदिल झाले. संताच्या चरित्रात अर्ज, एकर, गुंठे आणि दंड! दासगणूंना हा भाग गाळता आला असता. त्यांनी तो ठेवला, याबद्दल मला त्यांचे उपकार वाटतात. कारण त्यामुळं कळतं की हे संस्थान प्रापंचिक माणसांनी उभं केलं. उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचणाऱ्या महाराजांना ओळखून ज्यानं घरी नेलं तो बंकटलाल व्यापाऱ्याच्या घरातला तरुण होता, आणि जागेसाठी धावपळ करणारे हरी पाटील गावचे पाटील. दोघांपैकी पुजारी कोणीच नव्हता. महाराज देहात असतानाच, १९०८ साली, विश्वस्तांचं मंडळ नेमलं गेलं. समाधी १९१० ची. म्हणजे मंदिराच्या आधी मंडळ झालं.

पुढं संस्थानचा कारभार पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांनी हेच काम कुठवर नेलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. इंजिनिअरिंग कॉलेज, रुग्णसेवा, भक्तनिवास, आनंद सागर. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा ८१ वर्षांचे होते. संस्थानच्या पाण्याचा घोटसुद्धा ते घेत नसत, असं इथं घराघरांत सांगतात. पण भाऊंची आठवण काढताना आपण एक चूक करतो. असा निःस्पृह माणूस पुन्हा होणे नाही, असं म्हणतो आणि स्वतःची सुटका करून घेतो. मला भाऊंचं मोठेपण आणखी एका गोष्टीत दिसतं. त्यांच्या काळात सेवेला पाळी लागली. कोणी, कुठं, किती दिवस हे ठरलं. येणाऱ्याला माहीत असतं की आपली सेवा कधी सुरू होते आणि कधी संपते. माझं कोडं इथं सुटलं. जोडे सांभाळायला हजारो येतात कारण त्या कामाला शेवट आहे. वहीला शेवट नाही. एकदा घेतली की डोळे जाईपर्यंत, नाहीतर माणूस जाईपर्यंत ती त्याच्याच घरी. मग शहाणा माणूस ती कशाला घेईल?

माणूस जाईपर्यंत, हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या देवळाचे तीन विश्वस्त होते, त्यातले एक माझे काका. काका गेले, त्यांच्यामागं दुसरेही गेले. नवी नावं चढवायची हे कोणाच्या मनातच आलं नाही. मंडपाच्या नव्या टिनासाठी जमवलेली वर्गणी बँकेत पडून होती आणि तीनपैकी दोन सह्यांची माणसं या जगात नव्हती. बँकेनं पैसे दिले नाहीत, आणि त्यात बँकेचं काही चुकलं नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यात कलम २२ आहे. विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. आम्ही तो वर्षानुवर्षं दिला नव्हता. त्या साली भर पावसात, गळक्या टिनाखाली कीर्तन झालं. मृदंगावर पाणी पडू नये म्हणून एक पोरगा तासभर छत्री धरून उभा होता. छत्री धरायला माणूस मिळाला, अर्ज करायला मिळाला नाही. त्या रात्रीची लाज मला अजून वाटते, कारण कायदा माहीत असलेला त्या मंडपात मी होतो.

हा प्रश्न फक्त आपल्या देवळांचा नाही. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या धर्मसमाजाला 'मंडळी' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. इमारतीला चर्च म्हणतील, पण जी काही संस्था आहे ती मंडळी, म्हणजे माणसंच. शेगावहून रेल्वेनं नागपूरला गेलं की ज्या शहरात आपण उतरतो, तिथंच २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन धरून सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. या मंडळ्यांत पाळक असतो, त्याच्यावर बिशप असतो, तरी स्थानिक कारभार एकट्या पाळकाचा नसतो. सभासदांनी निवडलेली कमिटी त्याच्याबरोबर बसते. त्यांच्यातही पुढं यायला माणसं कचरतात आणि निवडणुका झाल्या की गट पडतात. माणसं सगळीकडं सारखीच.

अँग्लिकन परंपरेतल्याच अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चची रीत पाहण्यासारखी आहे. तिथं १७८५ साली पहिली सर्वसाधारण सभा भरली, तेव्हापासून पाळकांच्या बरोबरीनं सामान्य सभासदांचे प्रतिनिधी बसतात. त्यांच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात, चर्चचे सेवक कोण, या प्रश्नाच्या उत्तरात सामान्य सभासदांचं नाव सगळ्यात आधी येतं. बिशप, पाळक आणि डीकन त्यांच्यानंतर. बायकांना मात्र त्या सभेत प्रतिनिधी म्हणून बसायला १९७० साल उजाडावं लागलं. तिथल्या मंडळ्यांत 'वेस्ट्री' नावाची कमिटी असते, आणि बहुतेक ठिकाणी तिच्या सभासदाची मुदत तीन वर्षांची. दरवर्षी काही जण उतरतात, काही नवे चढतात. मुदत आपोआप संपते, राजीनामा मागावा लागत नाही, आणि उतरणाऱ्याला अपमान वाटत नाही. नाव देणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असतं की आपण कधी मोकळे होणार.

शेगावच्या सेवेकऱ्याची पाळी आणि ती तीन वर्षांची मुदत, या दोन्हींमागची समज मला एकच वाटते. आणि ती आपल्याला परकी नाही. वारकऱ्यांचा संप्रदाय तर प्रापंचिकांचाच. माळ घातली की वारकरी, मग तो शिंपी असो की माळी. आमच्या सप्ताहात सात दिवस विणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलताना नवा वारकरी येतो, आधीच्याच्या पाया पडतो, आधीचा त्याच्या पडतो, आणि विणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. पहाटे तीन वाजता, मंडपात चारच माणसं जागी असताना मी हे पाहिलं आहे. देणाऱ्याच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उमटलेला असतो, घेणाऱ्याच्या डोळ्यांत झोप असते, आणि तार मात्र वाजत राहते. एका माणसाला सात दिवस उभं करावं, असं कोणत्याही गावानं कधी ठरवलं नाही. मग वही बावीस वर्षं एकाच माणसाच्या गळ्यात आपण कशी ठेवली?

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही खरे आहेत. एक, दर दोन-तीन वर्षांनी माणूस बदलला तर हिशेबाची घडी विस्कटेल. याला उपाय एवढाच की जुन्यानं वर्षभर नव्याच्या शेजारी बसावं, सही नव्याची, समज जुन्याची. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. निवड आली की राजकारण येतं, भावकी येते, ग्रामपंचायतीत हरलेले देवळात हिशेब चुकता करतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून ते नाकारणार नाही. पण पद जन्मभराचं असलं की त्यासाठी भांडण जन्मभराचं होतं. मुदत लहान असली, आणि काल्याच्या दिवशी जमाखर्च माइकवरून वाचून दाखवला, तर भांडायला उरतं किती? आमच्या पंचक्रोशीतल्या एका देवळात काल्याचं कीर्तन संपलं की पंगतीआधी हिशेब वाचतात. गहू किती पोती, तेल किती डबे, उरलं किती, सगळं. तिथं वर्गणी मागायला जाणाऱ्याचा चेहरा मोकळा असतो.

बायकांचंही बोललं पाहिजे. पोळ्या लाटणं, भाजी निवडणं, मंडप सारवणं यात त्या पुढं आणि बैठकीत खांबामागं. त्याच बायका गावात बचत गट चालवतात. महिन्याला बैठक, हप्त्याची नोंद, व्याज, दंड, बँकेचं पासबुक, सगळं त्यांच्या हातचं. गावातली सगळ्यात चोख वही बचत गटाची असते, आणि देवळाची वही घ्यायला माणूस नाही म्हणून आपण हळहळत बसतो.

या आठवड्यात मी अध्यक्षांच्या घरी गेलो. पहाऱ्याच्या यादीचा कागद सोबत नेला होता. त्याच्या मागच्या बाजूला मी तीन ओळी आखल्या होत्या, वही, वर्गणी, धर्मादायचं काम, आणि प्रत्येकीपुढं दोन वर्षं असं लिहिलं होतं. तिसऱ्या ओळीत माझं नाव घातलं. ते काम मला येतं आणि त्या गळक्या रात्रीपासून ते माझ्यावर बाकी आहे. अध्यक्षांनी कागद डोळ्यांजवळ धरला, मग सुनेला हाक मारून वाचायला दिला. ती बचत गटाची सचिव आहे. तिनं वाचला आणि सासऱ्यांकडं पाहून म्हणाली, "मामाजी, दोनच वर्षं असन तर म्या लिहितो. पन पयल्या साली तुमी जोळ बसान."

अध्यक्षांनी लाल फडक्याची गाठ सोडली आणि वही तिच्यापुढं सरकवली. ती आधी त्यांच्या पाया पडली, मग पदर खोचून पहिलं पान उघडलं आणि विचारलं, मागच्या सप्ताहाची मंडपवाल्याची पावती कुठं आहे.