तिन्ही पिढ्यांना एकच चूर्ण?

औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहिले, की एक तरी गिऱ्हाईक येतेच आणि म्हणते, ‘पोट साफ होत नाही, काहीतरी द्या.’ चिठ्ठी लागत नाही, वय कोणी विचारत नाही. घरी गेल्यावर मग आजोबांच्या उशाशी असलेला चूर्णाचा डबा सूनही उघडते आणि कधी नातवालाही त्यातले चमचाभर मिळते. बद्धकोष्ठता हा शब्द एक असला, तरी या तिघांची दुखणी वेगवेगळी आहेत.

आधी एक गैरसमज. रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातले काहीही निरोगी माणसात असू शकते. कुंथावे लागते, खडे होतात, जाऊन आल्यावरही राहून गेल्यासारखे वाटते, असे वारंवार होऊ लागले तर त्याला बद्धकोष्ठता म्हणावे. अंगावर पिणारे दोन महिन्यांचे बाळ चार-पाच दिवस शी करत नाही म्हणून घरात एरंडेलाची बाटली निघते. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, पोट फुगलेले नसेल आणि झालेली शी मऊ असेल, तर त्या बाटलीची गरज नसते. जन्मानंतर पहिल्या दोन दिवसांत शी झालीच नसेल, तर मात्र डॉक्टरांनी बाळाला तपासलेच पाहिजे.

शाळकरी मुलांचे दुखणे बहुधा रोखून धरण्यातून सुरू होते. एकदा शी करताना दुखले, किंवा शाळेच्या संडासाला कडी नाही, पाणी नाही, की मूल ‘घरी गेल्यावर’ म्हणून थांबते. थांबलेल्या मळातले पाणी आतडे शोषत राहते, खडा आणखी कडक होतो आणि पुढच्या वेळी जास्त दुखते. असे महिनोन्‌महिने चालले, की मलाशय ताणले जाते, संवेदना मंदावते आणि अडकलेल्या गोळ्याच्या बाजूने पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते. आईवडिलांना वाटते, मूल मुद्दाम करते. मग मार बसतो. खरे तर त्याला कळतही नसते. अशा मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ ठेवणारे औषध कित्येक महिने लागते आणि जेवणानंतर पाच-दहा मिनिटे, पाय टेकवून, निवांत बसण्याची सवय. चार दिवस बरे वाटले म्हणून औषध बंद करणे, ही नेहमीची चूक.

हेच चित्र अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांत दिसते. आपल्या भाषेत ‘जुलाब’ हा शब्द औषधालाही आहे आणि पातळ होण्यालाही, आणि घोटाळा इथेच होतो. आजींना जुलाब होताहेत म्हणून थांबवायची गोळी दिली जाते, आत मात्र घट्ट गोळा अडकलेला असतो. तो आणखी अडकतो. म्हातारपणी बद्धकोष्ठतेची कारणेही निराळी असतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके, रक्तदाबाची काही औषधे, मंदावलेले थायरॉईड, कंपवात. शिवाय रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न पिण्याची सवय. चूर्ण यातले एकही कारण दूर करत नाही.

मधल्या वयाचे आपण सगळे घाईत. जेवल्यावर किंवा सकाळच्या चहानंतर आतड्याला हालचाल सुटते, नेमकी तीच वेळ गाडी पकडण्याची. श्रावणात आणि नवरात्रात साबुदाण्यावर दिवस काढायचे, ज्यात चोथा जवळजवळ नसतोच, आणि मग पोटाला दोष द्यायचा. भाकरी, उसळी, पालेभाज्या, सालासकट फळे आणि पाणी यांनी पुष्कळांचे भागते. इसबगोल चालेल, पण पेलाभर पाण्याबरोबरच. कोरडा किंवा घोटभर पाण्यात घेतला तर तोच अडकू शकतो.

बाजारातल्या अनेक चूर्णांचे खरे काम सोनामुखी करते. ती आतड्याला ढोसून कामाला लावते. प्रसंगी घ्यायला हरकत नाही. तिने आतडे कायमचे निकामी होते, ही भीतीही अवाजवी आहे. पण मनाने प्रमाण वाढवत नेले तर पोटात मुरडा येतो, पोटॅशियम घटू शकते, आणि जे डॉक्टर आजोबांना लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी देतात, त्यांना या चूर्णाचा पत्ताच नसतो. काही चूर्णांत मीठही असते. डब्यावर हे सगळे ठळक मराठीत असावे आणि विकणाऱ्याने निदान वय व चालू औषधे विचारावीत, ही मागणी फार मोठी नाही. शाळेच्या संडासाची कडी दुरुस्त करणे त्याहूनही स्वस्त.

पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त दिसले, वजन घटू लागले किंवा हिमोग्लोबिन कमी आले, तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे. ‘मूळव्याधच असेल’ म्हणत चूर्णावर काढलेले सहा महिने आतड्याच्या कर्करोगात फार महाग पडू शकतात.