आडनांवांतील ‘वार’

पुण्यास शिकावयास गेलेला आमच्या परिचयांतील एक चंद्रपूरकर तरुण दिवाळीच्या सुटींत घरीं आला, तो आडनांवांतील ‘वार’ काढून टाकण्याचा निश्चय करूनच. ‘हें आडनांव मराठी का?’ असें कोणीसें विचारलें म्हणून! वडीलधारी मंडळी संतापली. परंतु ‘वार’ म्हणजे काय, हें त्यांपैकीं कोणासहि सांगतां येईना.

चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून निराळा झालेला गडचिरोली, या दोन्ही जिल्ह्यांत अशीं आडनांवें विपुल आहेत. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार (१९६२-६३) याच मुलुखांतले. सोमवारांतील ‘वार’ संस्कृत. हा मात्र तेलुगु. त्या भाषेंत ‘वाडु’ म्हणजे तो आणि ‘वारु’ म्हणजे ते. आपल्या ‘बाबा आले’ यांतल्याप्रमाणें हें अनेकवचन आदरार्थीहि योजितात. तेलुगु गृहिणी पतीचा निर्देश ‘मा वारु’, म्हणजे ‘आमचे ते’, असा करिते. ‘इकडून येणें झालें’ असें ऐकत वाढलेल्या भगिनींस त्यांतील गोडी निराळी सांगावयास नको.

चिनी लोकांप्रमाणें तेलुगु रिवाजांतहि घराण्याचें नांव आधीं आणि माणसाचें मागाहून. घराण्याच्या नांवास ‘वारु’ जोडला कीं ‘त्या घरची मंडळी’ असा अर्थ होतो. मराठी वळणांत तें नांव शेवटीं गेलें आणि ‘वारु’चा उकार गळाला. (बरेंच झालें, आपल्याकडे वारू म्हणजे घोडा!) मामिडवारांतील ‘मामिडि’ म्हणजे आंबा, चिंतलवारांत चिंच आहे, आणि ‘कोत्त’ म्हणजे नवें, ‘पल्लि’ म्हणजे गांव, तेव्हां कोत्तापल्लीवार हे आपल्या नवगांवकरांचे अर्थानें सख्खे भाऊच. ‘वार’ गाळला तर आंबा, चिंच, गांव एवढेंच उरेल; माणसें तेवढीं जातील. प्राणहितेच्या कांठीं सिरोंचाकडे तेलुगु आजहि घरांत बोलली जाते. तेथें असा प्रश्न कोणी विचारीतहि नाहीं.

हें सारें त्या तरुणास सांगत असतां त्याची आजी दाराशीं येऊन उभी राहिली. ती स्वतः वर्ध्याकडची, सासू मात्र सिरोंचाची. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, ‘‘सासूबाई मामंजींना ‘मा वारु’ म्हणत. तेंच का हें?’’