कपाशीतला गंधाचा उपाय भातखाचरात चालेल का?

भाताची लावणी उरकत आली की रत्नागिरी जिल्ह्यात खोडकिड्याच्या कामगंध सापळ्यांची विचारणा सुरू होते. अलीकडे तिच्याबरोबर आणखी एक प्रश्न येतो. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भाला मोठा फटका दिल्यानंतर कपाशीत नर-मादीचे मीलन रोखणारी गंधाची दोरी आणि पेस्ट आली. मग ती भातात का नको?

उत्तर नर पतंगाच्या मिशीत आहे. मादीने सोडलेला गंध वाऱ्यावर सलग पसरत नाही, तुटक झोतांनी येतो. त्या झोतांच्या मागावर नर उडतो. आधीचा गंध मिशीवरच्या सूक्ष्म केसात तसाच साचून राहिला, तर पुढचा झोत आला की नाही हे त्याला कळणार नाही. म्हणून त्या केसांतल्या द्रवात गंध मोडणारी एन्झाइम असतात. आपल्या टसर रेशीम पतंगाच्या अमेरिकेतील भाऊबंदात व्होग्ट आणि रिडिफोर्ड यांनी 1981 मध्ये असे एन्झाइम दाखवले. निम्मा गंध सुमारे 15 मिलिसेकंदांत मोडतो, असा 1985 चा अंदाज आहे. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो!

शेत गंधाने भरून टाकले की एन्झाइम मोडेपर्यंत नवा गंध हजर असतो. मिशी बधिर होते, झोतांतला फरक कळत नाही, मादी सापडत नाही. मात्र यासाठी मोठे, सलग क्षेत्र लागते. कोकणातली खाचरे गुंठ्यांची. शेजारच्या खाचरात मीलन झालेली मादी बांध ओलांडून आपल्या भातावर अंडी घालणारच. तिला आपली दोरी अडवत नाही. त्यामुळे एकट्याने या उपायावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळी वाडी एकत्र येत असेल तर गोष्ट वेगळी.

सापळ्याचे काम निराळे आहे. तिथे नराला गोंधळवायचे नसून बोलवायचे असते. पिवळ्या खोडकिड्याचा गंध दोन अल्डिहाइडांचा, साधारण 3:1 प्रमाणात. बोंडअळीचा गंध अ‍ॅसिटेट जातीचा, म्हणून तिचा ल्यूर इथे उपयोगाचा नाही. अल्डिहाइड नाजूक असते. पतंगाच्या मिशीत एन्झाइम त्याचे आम्ल करते, तर ल्यूरमध्ये ऊन आणि हवा हळूहळू तेच करतात. म्हणून पाकीट सावलीत, थंड जागी ठेवावे, लावायच्या वेळीच फोडावे आणि पाकिटावरील मुदतीला ल्यूर बदलावा. सापळा रिकामा दिसला की कीड नाही असे समजण्याआधी ल्यूरची तारीख बघा.

पाहणीसाठी हेक्टरी 5 सापळे पुरतात. नर मोठ्या संख्येने पकडायचे तर 20 लागतात. सापळ्यात नरच येतात, अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. तेव्हा सापळ्यातल्या आकड्यावर फवारणी ठरवू नका. खाचरात उतरून चुडातले फुटवे मोजा. गाभेमर 5 टक्क्यांवर गेली तरच औषधाचा विचार करा. मादी पानाच्या शेंड्याकडे अंडी घालते, त्यामुळे ज्यांची लावणी अजून बाकी आहे त्यांनी रोपांचे शेंडे खुडून मगच लावणी करावी. याला खर्च काहीच नाही.