रंगाला भुलू नका, पेर पाहा

घरात कुंडी ठेवण्याची हौस आता बंगलेवाल्यांपुरती राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दवाखान्यात, सलूनमध्ये, कापडाच्या दुकानात गल्ल्याशेजारीही शोभेचे झाड दिसते. २०२० च्या टाळेबंदीत लोक घरात अडकून पडले तेव्हा ही हौस जगभर एकदम वाढली आणि तिच्या पाठोपाठ रोपांचा धंदाही वाढला. आपल्यातील काही तरुणांनी गाळ्याबाहेर, हातगाडीवर किंवा गच्चीवर हा धंदा सुरू केला आहे. गोष्ट चांगली आहे. पण त्यांतले काही जण उसनवारीच्या भांडवलावर ‘दुर्मिळ’ रोपे भरतात, हे पाहून आम्हाला चिंता वाटते. म्हणून फिलोडेंड्रॉन या एका झाडाच्या निमित्ताने आज चार शब्द लिहीत आहोत.

फिलोडेंड्रॉन हे मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील उष्ण जंगलांतले झाड. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘झाडावर प्रेम करणारे’ असा होतो, कारण याच्या पुष्कळ जाती मोठ्या झाडाला धरून वर चढतात. कुळ आपल्या अळूचे आणि सुरणाचेच. त्याला कमी उजेड चालतो, एखाद्या दिवशी पाणी चुकले तरी ते लगेच मान टाकत नाही, आणि कोकणापासून पुण्यापर्यंत ते घरात सहज रुळते. नवख्या दुकानदाराला याहून सोयीचा माल सापडणे कठीण.

आधी माल ओळखा

या झाडाचे धंद्याच्या दृष्टीने दोन गट आहेत. पहिला वेलीचा. बदामी पानांचा साधा हिरवा हार्टलीफ, पोपटी पट्ट्याचा ‘ब्राझील’, मखमली पानांचा ‘मिकान्स’ हे त्यातले. दुसरा गट झुडपासारखा एका जागी वाढणारा. त्यात ‘इम्पीरियल ग्रीन’, ‘रोजो काँगो’ आणि पांढऱ्या रेघांचा ‘बर्किन’ येतात. ‘झनाडू’ आणि ‘सेलोम’ यांना शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये थॉमॅटोफायलम या वेगळ्या प्रजातीत टाकले, परंतु रोपवाटिकांत ते आजही फिलोडेंड्रॉन म्हणूनच विकले जातात. गिऱ्हाइकाने विचारले तर एवढे सांगता आले पाहिजे.

मनी प्लांट आणि हार्टलीफ यांची गल्लत तर रोजची आहे. मनी प्लांटचे पान जाड व मेणचट असते आणि देठाला वरून पन्हळ असते. हार्टलीफचे पान पातळ, मऊ, देठाजवळ खोल बदामी असते आणि नवे पान पातळ आवरणातून बाहेर येते. ते आवरण पुढे सुकून गळते. ज्याला आपल्या दुकानातला माल ओळखता येत नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा का येईल?

गुलाबी रंगाचा सौदा

आता मुख्य मुद्दा. काही वर्षांपूर्वी आम्ही एका रोपवाल्याकडून ‘पिंक काँगो’ नावाचे रोप चांगली किंमत मोजून घेतले. पाने अशी गुलाबी की पाहणाऱ्याची नजर ठरावी. पुढे आलेले प्रत्येक नवे पान मात्र हिरवे निघाले आणि वर्षाच्या आत झाड साधे हिरवे झाले. चौकशी केली तेव्हा कळले की हा रंग झाडाचा स्वतःचा नसतोच. रासायनिक प्रक्रियेने पाने गुलाबी केलेली असतात आणि सहा महिने ते वर्षभरात तो प्रकार ओसरतो. आम्हाला विकणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही, ते तोच जाणे. आमची तक्रार रंगाबद्दल नाही, न सांगण्याबद्दल आहे. कापडाचा रंग जातो हे माहीत असून पक्का रंग म्हणून विकणारा आणि हे रोप विकणारा यांत आम्हाला फरक दिसत नाही.

‘पिंक प्रिन्सेस’ची गोष्ट निराळी. तिचा गुलाबी रंग खरा, पण भरवशाचा नाही. पानाच्या गुलाबी भागात हरितद्रव्य नसते, म्हणजे तो भाग झाडाला अन्न देत नाही. पान पूर्ण गुलाबी आले तर झाड उपाशी राहते, आणि फुटवा पूर्ण हिरवा आला तर तोच जोर धरून रंग घालवतो. अशा वेळी दोन्ही रंग असलेल्या पानापर्यंत वेल मागे छाटावी लागते. टाळेबंदीच्या काळात या जातीचे भाव परदेशात गगनाला भिडले. मग प्रयोगशाळांतून ऊतिसंवर्धनाची रोपे मोठ्या संख्येने आली आणि भाव कोसळले. चढ्या भावाने माल भरणाऱ्यांच्या हाती कुंड्या उरल्या.

काही व्यापारी बंधू म्हणतील की दुर्मिळ मालातच खरा नफा आहे. एका रोपात पन्नास रोपांची कमाई होते, हे आम्हालाही मान्य आहे. पण सोने तिजोरीत ठेवता येते, रोप ठेवता येत नाही. ते रोज पाणी मागते, रोग धरते, रंग बदलते, आणि आज दुर्मिळ असलेली जात उद्या प्रयोगशाळा हजारांनी काढते. ज्याच्याकडे बुडाले तरी चालेल असा पैसा आहे त्याने ही हौस जरूर करावी. उधारीच्या पैशावर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साध्या हिरव्याचा हिशेब

साध्या जातीचा हिशेब पाहा. वेलीवर जिथून पान फुटते ती गाठ म्हणजे पेर. नवे झाड पेरातूनच होते. पेर नसलेले नुसते पान पाण्यात मुळे धरील, पण त्याला कोंब येणार नाही. समजा तुमच्या हार्टलीफला वीस पेरे आहेत. दोन-दोन पेरांचे दहा तुकडे झाले. ते पाण्यात किंवा ओलसर कोकोपीटमध्ये ठेवले की उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. एका कुंडीत तीन तुकडे लावले तर तीन भरगच्च कुंड्या झाल्या, आणि मूळ बुंध्याला पुन्हा फुटवे येतात ते वेगळेच. भांडवल एका झाडाचे आणि बाकी मेहनत. घरातल्या बायका-मुलींनाही हे काम सहज करता येते.

जोपासनेत चूक होते ती बहुधा पाण्याची. वरची बोटभर माती सुकली की मगच पाणी द्यावे, पावसाळ्यात आणखी कमी. माती, कोकोपीट, कंपोस्ट आणि थोडा कोळशाचा किंवा सालींचा चुरा असे भुसभुशीत मिश्रण घ्यावे आणि कुंडीच्या तळाला भोक हवेच. उजेड भरपूर, पण दुपारचे ऊन नको. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीतून कुंडी हलवावी. बोअरचे पाणी जड असेल तर मातीवर पांढरा थर येतो आणि पानांची टोके करपतात. तेथे साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून निंबोळी तेल फवारावे.

कारागिरांचाही वाटा

हा धंदा केवळ रोपवाल्यांचा नाही. वेलीच्या जातींना चढायला ओलसर आधार मिळाला की पाने मोठी होतात. त्यासाठी काथ्या गुंडाळलेला खांब लागतो, आणि काथ्या तर आपल्या कोकणातलाच. कुंडीला लोखंडी स्टँड हवा, भिंतीवर लाकडी फळी हवी, टांगायला विणलेली दोरी हवी. वेल्डर, सुतार, विणकर यांनी जवळच्या रोपवाल्याशी बोलून नमुने ठेवले तर दोघांचाही माल खपेल. झाड मेले तर तोटा होतो, स्टँड मरत नाही.

शेवटी दोन गोष्टी विकताना सांगाव्यात. पहिली, अळूप्रमाणे या झाडातही खाज आणणारे स्फटिक असतात. अळू शिजवून खातात, हे मात्र खायचे झाड नव्हे. लहान मुलाने किंवा मांजराने पान चावले तर तोंडाची आग होते, सूज येते. दुसरी, ‘हे झाड घराची हवा शुद्ध करते’ असे सांगून माल खपवू नये. नासाचा १९८९ चा अभ्यास बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला, तेव्हा उघड्या-झापड्या घरात तेवढा परिणाम व्हायला एका चौरस मीटरमध्ये किमान दहा झाडे लागतील असे दिसून आले. झाड डोळ्यांना गारवा देते, एवढे खरे कारण विक्रीला पुरेसे आहे.

ऐब सांगून विकलेला माल कमी नफ्यात जातो असे वाटते, पण तेच गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन येते. कुंडीतली वेल काय आणि दुकान काय, दोन्ही पेरापेरानेच वाढतात.